कामगार वस्तीपासून नदीपर्यंत

पिंपरी-चिंचवडमधील कार्यकर्त्यांच्या बैठकीत पर्यावरणाचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेला दिवसाआड पाणीपुरवठा वर्षानुवर्षे चालू राहतो, कंत्राटी कामगाराला कायम नोकरीची आशा उरलेली नाही, झोपडपट्टीखालच्या जमिनीवर बिल्डरांचा डोळा आहे. अशा वेळी झाडे, पक्षी आणि निसर्गवाटा ह्यांच्या गोष्टी करणे ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याला टाळाटाळ न करता उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे असे की निसर्गवाटेचा प्रश्न हा जमिनीचा, पाण्याचा आणि कामगाराच्या फुरसतीचा प्रश्न आहे. तो आपण हाती घेतला नाही तर दुसरे घेतील. नव्हे, त्यांनी तो घेतलेलाच आहे.

निसर्गवाट म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करू. वस्तीतून निघून शाळेच्या दारावरून, ओढ्याच्या काठाने, टेकडीवरून किंवा तळ्याच्या बांधावरून नदीपर्यंत जाणारी आणि पलीकडच्या वस्तीला मिळणारी पायवाट. तीवर कोणते झाड कोणते, हे सांगणारी पाटी असावी. भिंतींवर त्या वस्तीतल्या मुलांनी काढलेली चित्रे असावीत. पारावर एखाद्या रविवारी गाणी, पोवाडा, पथनाट्य व्हावे. भूगोल आणि विज्ञान ह्यांचा तास आठवड्यातून एकदा त्या वाटेवर भरावा. शाळा-महाविद्यालयांत पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. पुस्तके निघाली, प्रकल्पवह्याही भरल्या गेल्या. पण ज्या शाळेमागून नाला वाहतो त्या शाळेतल्या मुलाला तो नाला कोठून येतो आणि कोणत्या नदीला मिळतो हे कितीदा सांगता येते?

ह्या शहराने नदीकडे पाठ कशी केली, ते पाहू. पवना, इंद्रायणी आणि मुळा ह्या तीन नद्यांच्या काठची ही गावे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, मागोमाग टेल्को, बजाज आणि इतर कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका, अशा पायऱ्या चढत २००१ मध्ये सुमारे दहा लाखांची असलेली लोकवस्ती २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहार येथून माणसे आली. जमिनी शेतकऱ्यांच्या गेल्या आणि साडेबारा टक्के परताव्यासाठी त्यांच्या पुढच्या पिढीला सरकारदरबारी हेलपाटे घालावे लागले. पवनेचा सुमारे चोवीस किलोमीटरचा प्रवाह शहरातून वाहतो, पण तो कारखान्यांच्या कुंपणामागे, सोसायट्यांच्या भिंतींमागे आणि झोपडपट्टीच्या शेवटच्या ओळीमागे लपला. नदी दिसते ती पुलावरून जाताना आणि काठच्या झोपडीत पाणी शिरते तेव्हा. पिंपरीच्या संजय गांधीनगरातील माणसाला पवना माहीत आहे ती अशी.

निसर्ग ह्या शहरात राखलाच गेला नाही असे नाही. टेल्कोच्या आवारात सुमंत मुळगावकर ह्यांच्या आग्रहाने झाडे लावली गेली, तळे निर्माण झाले, आणि पक्षी येऊ लागले. उद्योगपतीची ती दृष्टी मान्य करण्यास आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. परंतु ते तळे कारखान्याच्या भिंतीआड आहे. भिंतीबाहेर, ज्या ओढ्यांत आणि तळ्यांत आपल्या वस्त्यांचे पाणी उतरते, तेथे मात्र जलपर्णी माजते. इंद्रायणीवर फेसाचे पांढरे थर तरंगतात आणि आळंदीला आलेला वारकरी त्या फेसातच स्नान करतो. भांडवल स्वतःच्या आवारात निसर्ग सांभाळू शकते आणि आवाराबाहेरच्या नदीचा भार समाजावर टाकू शकते, हा विरोधाभास कामगार चळवळीला नवा नाही.

आता ह्याच नद्यांच्या काठांकडे पैशाचे लक्ष गेले आहे. नदी सुधार, नदीकाठ विकास, सुशोभीकरण अशी गोंडस नावे घेऊन योजना येतात. त्यांतून काठ बांधून काढले जातात, भराव पडतो, वर फरसबंदी आणि दिवे येतात. वाकड ते सांगवी दरम्यान मुळेच्या काठी अशा योजनेचे काम सुरू झाले आणि पिंपळे निलखचा काठावरचा झाडोरा संकटात आला, तेव्हा २०२५ मध्ये दोन्ही तीरांवरचे नागरिक झाडांच्या रक्षणासाठी बाहेर पडले. त्याआधी २०२३ मध्ये पुण्यातही मुठाकाठच्या झाडांसाठी चिपकोची आठवण देणारा मोर्चा निघाला होता. काठावरची करंज, उंबर, वाळुंज ही झाडे शोभेसाठी उगवलेली नसतात. त्यांची मुळे माती धरतात, पुराचा वेग मोडतात, माशांना आणि पक्ष्यांना आसरा देतात. त्यांच्या जागी दगडी भिंत आली की पाणी वेगाने खाली जाते आणि खालच्या वस्तीत शिरते. खालच्या वस्तीत कोण राहते, हे वाचकांना सांगावयास नको.

पर्यावरणाच्या नावाने होणारी कारवाईसुद्धा डोळसपणे पाहिली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे आणि लहान कारखाने हजारोंच्या संख्येने पाडण्यात आले. त्या धंद्यातून हवेचे आणि पाण्याचे प्रदूषण होत होते, आगी लागत होत्या, हे नाकारता येणार नाही. पण शहराचा कचरा वेचून, निवडून, पुन्हा उपयोगात आणणारा मजूर ह्याच धंद्यावर जगत होता. त्याच्या पर्यायी रोजगाराचा विचार बुलडोझरच्या आधी व्हावयास हवा होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडले गेले. सर्वोच्च न्यायालयानेही घरमालकांना दिलासा दिला नाही. कायद्याच्या दृष्टीने आदेश योग्यच होता. परंतु पूररेषेतील जमिनीचे तुकडे पाडून विकले जात असताना, पाया खणला जात असताना, भिंती उभ्या राहत असताना यंत्रणा कोठे होती? ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली त्यांना ती रेषा जमिनीवर कोणी दाखवली होती?

निसर्गवाटेचे महत्त्व नेमके येथे कळते. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. तांबडी रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ह्या दोन्ही रेषा नकाशात असतात आणि नकाशा कचेरीत असतो. सामान्य माणसाला तो वाचता येत नाही, दलालाला येतो. समजा, वस्तीतल्या मुलांनी आपल्या शिक्षकांसह तो नकाशा मागवला, आजीआजोबांना विचारून कोणत्या साली पाणी कोठवर आले होते ह्याची नोंद केली, आणि वाटेवरच्या प्रत्येक भिंतीवर, पारावर, विजेच्या खांबावर निळ्या आणि तांबड्या रंगाची रेघ ओढली, साली लिहिल्या, शेजारी चित्र काढले. ही कला आहे, हे शिक्षण आहे, ही परिसरविद्या आहे. आणि ह्या रेघेसमोर उभे राहून कोणाही दलालाला गुंठेवारीचा तुकडा विकणे कठीण जाईल. नदीचे ज्ञान कचेरीतून वस्तीत आणणे, हे राजकीय काम आहे.

चालण्याच्या हक्कासाठी कामगारांनी लढा दिल्याचे उदाहरण जगाच्या कामगार चळवळीत आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आसपास कापड गिरण्यांचा आणि यंत्रशाळांचा पट्टा होता. रविवारी धुरापासून दूर जाण्यासाठी कामगार डोंगरांकडे निघत, पण ते डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी बंद केलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट ह्या पठारावर शेकडो तरुण कामगार मनाई मोडून चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. ह्या शिक्षांनी लोकमत खवळले, आणि पुढे मजूर पक्षाच्या राजवटीत १९४९ साली राष्ट्रीय उद्याने व पायवाटा ह्यांविषयीचा कायदा झाला. मोकळ्या माळांवर हिंडण्याचा हक्क कायद्यात येण्यास २००० साल उजाडावे लागले. चालण्याची वाट हा त्या कामगारांच्या लेखी विरंगुळा होताच. पण जमीन कोणाची, हा प्रश्नही त्या वाटेनेच विचारला गेला.

आपल्याकडे ह्याहून जुना धागा आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली आणि १८९० मध्ये रविवार मिळवून दिला. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही मागणी आपण दर मे दिनी उच्चारतो. परंतु ते तिसरे आठ तास कामगाराने कोठे घालवावेत, ह्याचा विचार चळवळीने फारसा केला नाही. तो बाजाराने केला. आज पिंपरीच्या किंवा चाकणच्या तरुण कामगाराला फुरसतीत जाण्यासाठी मॉल आहे, मोबाइल आहे, दारूचे दुकान आहे. पैसे न देता बसता येईल, बायकामुलांसह चालता येईल, दुसऱ्या वस्तीतला माणूस भेटेल, अशी जागा शोधावी लागते. निगडीच्या दुर्गा टेकडीसारख्या ठिकाणी सकाळी होणारी गर्दी पाहिली म्हणजे ही भूक किती खरी आहे ते समजते.

आणि चालणे ह्या भूमीला शिकवावे लागत नाही. आषाढात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाते. त्या दिवशी हा सारा औद्योगिक पट्टा पायी चालणाऱ्यांचा होतो. मोटारी थांबतात, पाण्याची भांडी दारात येतात, अनोळखी माणूस माऊली होतो. देहूपासून जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि तेथून फार दूर नसलेल्या घोरावडेश्वराच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तुकोबांचे देहू, बाबासाहेबांचे देहूरोड, घोरावडेश्वराचा डोंगर, दुर्गा टेकडी आणि आकुर्डीची कामगार वस्ती ही एका वाटेत ओवता येतील अशी ठिकाणे आहेत. ही वाट चाललेल्या मुलाला महाराष्ट्राचा जो इतिहास कळेल, तो शिकवायला एरवी कित्येक धडे लागतील.

चाकणचेही असेच. शायिस्तेखानाच्या फौजेपुढे १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने जो किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला, तो संग्रामदुर्ग कंटेनरच्या रांगांआड उभा आहे. तुकोबांच्या चिंतनाशी नाते सांगणारा भामचंद्र डोंगर कारखान्यांच्या विळख्यात सापडला आणि तो वाचवण्यासाठी वारकऱ्यांना उभे राहावे लागले. त्याच शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकल ह्या कंपनीचे संशोधन केंद्र येऊ घातले होते. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडातील युनियन कार्बाइड २००१ मध्ये डाऊने विकत घेतली होती. २००८ मध्ये गावकरी आणि वारकरी ह्या केंद्राविरुद्ध रस्त्यावर आले आणि अखेर ते तेथे झाले नाही. त्या आंदोलनात जाळपोळही झाली. तिचे समर्थन आपण करणार नाही. पण नदी आणि डोंगर ह्यांच्यावरील श्रद्धा ही लोकशक्ती बनू शकते, हा त्या लढ्याचा धडा विसरता येत नाही. खंत इतकीच की त्या डोंगराच्या पायथ्याशी बारा-बारा तास राबणारा परप्रांतीय कंत्राटी कामगार ह्या लढ्यापासून दूर राहिला. गावकऱ्याच्या लेखी तो उपरा, आणि त्याच्या लेखी डोंगर हा केवळ खिडकीतून दिसणारा डोंगर. ह्या दोघांची गाठ सभेत पडत नाही. ती एखाद्या वाटेवर पडू शकेल.

नदीची वाट उगमाच्या दिशेने चालत गेले तर आणखी एक कटू सत्य भेटते. शहराचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते आणि ते येते पवना धरणातून. हेच पाणी बंद जलवाहिनीने आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी आंदोलन केले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि तिघांचा बळी गेला. शहरातला कामगार आणि मावळातला शेतकरी ह्यांना एकाच नळावर भांडायला लावणारी ही व्यवस्था आहे. पवनेच्या वाटेवर ह्या घटनेची एक साधी पाटी असली पाहिजे. आपल्या घागरीतले पाणी कोणाच्या शिवारातून आले हे कळले, तर पाणीगळती, पाण्याचा पुनर्वापर आणि कारखान्यांचा पाणीवापर ह्यांचा जाब कामगार अधिक अधिकाराने विचारील.

मग हे करावे कसे? नगरपालिका करील म्हणून वाट पाहावी असे मला वाटत नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक वर्षे ह्या महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. मोठमोठ्या योजनांचे निर्णय प्रशासकांच्या सहीने होत राहिले. परंतु कायद्याने काही साधने लोकांच्या हाती दिली आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांच्या सहभागाने नोंदवही करावयाची असते. ती नोंदवही सल्लागार कंपनीने कचेरीत बसून का भरावी? वस्तीतल्या बाईला कोणत्या ओढ्याकाठी कोणती रानभाजी उगवते हे ठाऊक आहे. तिचे ज्ञान त्यात आले पाहिजे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने झाडतोडीवर हरकत घेता येते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचे संरक्षण मिळाले आहे. वाटेवरची अशी झाडे मोजणे हे एका रविवारचे काम आहे. पुण्यात ‘जीवितनदी’सारखी संस्था नागरिकांना नदीकाठाने चालवते आणि काठाचे तुकडे सांभाळावयास उद्युक्त करते. ते काम मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गात चालते म्हणून त्याला नाक मुरडू नये. त्यांचे ज्ञान घ्यावे आणि त्यांना आपल्या वस्तीत बोलवावे.

कला ह्या कामात कोठे येते, असे सेवा दलाच्या जुन्या सैनिकाला तरी विचारावे लागणार नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी खेडोपाडी जे केले, ते शाहिरी आणि श्रमदान ह्यांच्या जोडीनेच केले. दिवसा बांध घालायचा आणि रात्री त्याच गावात कार्यक्रम करायचा, ही रीत आपली आहे. आज पिंपरीच्या वस्त्यांत रॅप म्हणणारी मुले आहेत, भजनी मंडळे आहेत, भीमगीतांचे गायक आहेत, भोजपुरी बिरहा गाणारे कामगार आहेत. ह्या सर्वांना एका पारावर आणणारे व्यासपीठ तेवढे नाही.

काही अटी मात्र आधीच सांगितल्या पाहिजेत, कारण चांगली कल्पना उलट्या हातांनी वापरली जाऊ शकते. निसर्गवाटेसाठी एकही झोपडी हलवली जाता कामा नये. पूररेषेतल्या कुटुंबांना हलवणे त्यांच्या जीविताच्या दृष्टीने आवश्यक असेल, तर आधी जवळच घर आणि नंतरच वाट. वाटेला कुंपण, फाटक आणि तिकीट नसावे. देखभालीचे काम ठेकेदाराकडे न जाता वस्तीतल्या स्त्रियांच्या गटाकडे योग्य वेतनावर जावे. सायंकाळी उजेड आणि ठरावीक अंतरावर स्वच्छतागृह असल्याखेरीज स्त्रियांसाठी वाट खुली आहे असे समजू नये. आणि काठावर फरसबंदीचा हट्ट नको. माती, मुरूम आणि झाडाची सावली एवढे चालणाऱ्याला पुरे असते.

वाट झाली की काठच्या जमिनीचे भाव वाढतील आणि गरीबच हुसकला जाईल, अशी शंका काही साथी घेतील. शंका रास्त आहे. जगातल्या अनेक शहरांत तसे घडले आहे. पण ह्यावरचा उपाय नदी घाण राहू देणे हा असू शकत नाही. घाणीने गरिबाचे घर वाचत नाही. घाणीचे कारण देऊनच ते पाडले जाते, हे कुदळवाडीने दाखवले. वाट ज्यांनी आखली, जिच्या भिंती ज्यांच्या मुलांनी रंगवल्या, जिची नोंदवही ज्यांच्याकडे आहे, त्यांना तेथून हुसकणे सोपे नसते. घराच्या हक्काची लढाई वेगळी लढावी लागेलच. ही वाट त्या लढाईतली एक चौकी ठरेल.

म्हणून सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने येत्या एखाद्या रविवारी, पाळीवरून सुटलेल्यांच्या सोयीची वेळ धरून, आपल्या वस्तीतून जवळच्या ओढ्यापर्यंत किंवा नदीपर्यंत चालत जावे. सोबत एक शिक्षक, चार मुले, एक म्हातारी आणि एक वही असावी. किती ठिकाणी भिंत आडवी आली, किती ठिकाणी सांडपाण्याचा पाइप उघडा सापडला, कोणती झाडे भेटली, पुराचे पाणी कोठवर आले होते, हे लिहून काढावे. बहुतेक शाखांना नदीपर्यंत पोहोचताच येणार नाही, असा माझा कयास आहे. वाट जेथे अडेल, तेथून आपले पुढचे काम सुरू होईल.